बोटाला काय होतंय!

'बोटाला काय होतंय!' हे वाक्य आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी म्हटलेलं असतं. वाऱ्यानं दार लागून बोट चेंगरतं, बादली उचलताना मुरगळतं, अंगणात खेळणाऱ्या लेकराचा चेंडू अडवायला जावं तर तो नेमका बोटाच्या शेंड्यावर आदळतो. क्षणभर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आपण बोट नळाखाली धरतो, पदराला पुसतो आणि पुन्हा कामाला लागतो. कंबर धरली तर निदान मलम लावून घटकाभर आडवं तरी होता येतं. बोटासाठी कोण आडवं होणार?

संध्याकाळी बोट टम्म सुजतं. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, गरम तेल लावून चोळ. कोणी म्हणतं, ओढून घे, जागेवर बसेल. आणि 'हलतंय ना? मग मोडलेलं नाही' हे तर घरातल्या लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना पाठ. आठ-पंधरा दिवसांत ठणका कमी होतो, बोट विसरलं जातं. महिन्या-दोन महिन्यांनी कधीतरी ध्यानात येतं, की हे बोट काही पहिल्यासारखं सरळ होत नाही. सांधा जाड झालाय, अंगठी चढत नाही. तोवर 'आता काय, राहू दे तसंच' म्हणण्याची वेळ आलेली असते.

आज या 'राहू दे तसंच'बद्दलच बोलायचं आहे, मैत्रिणींनो. माझ्या उजव्या हाताची अनामिका २०१६ पासून वाकडी आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं मधलं बोट मात्र वाकडं राहता राहता वाचलं. मी लातूरला, ती नांदेडला. मधे चाकूर, अहमदपूर, लोहा असा ओळखीचा रस्ता. दोघींच्या बोटांत जो फरक पडला तो नशिबामुळे नाही. तो पडला दुखापतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांमुळे.

मुका मार

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. साऱ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो कितीतरी दिवसांनी, आणि तो आला की नोकरी करणारी असो की घर सांभाळणारी, प्रत्येकीचा तो दिवस टँकरचा. घागरी, कळशा, हंडे, निळे पिंप, जे सापडेल ते रांगेत.

अशाच एका सकाळी भरलेला हंडा पिंपात रिचवत असताना मागून धक्का आला. हंडा निसटला. माझी अनामिका हंड्याचा काठ आणि पिंपाची कड यांच्यात दुमडून अडकली आणि वरून सगळा भार आला. पाणी सांडलं याचंच सगळ्यांना जास्त वाईट वाटलं, मलासुद्धा! त्या दिवसांत ते साहजिकच होतं.

दुसऱ्याच दिवशी एका दवाखान्यात जाऊन फोटो काढला. 'हाड शाबूत आहे. मुका मार आहे, काळजी करू नका,' असं सांगून गोळ्या दिल्या, पट्टी गुंडाळली. मीही निर्धास्त झाले. दोनेक आठवडे बोट सुजलेलं होतं, त्यामुळे ते थोडं वाकलेलं दिसतंय याचं काही वाटलं नाही. सूज उतरली तेव्हा खरं रूप दिसलं. मधला सांधा आत वाकलेला आणि शेंड्याचा सांधा उलटा, नखाकडून वर उचललेला. दुसऱ्या हातानं बोट सरळ केलं तर व्हायचं, सोडलं की पुन्हा खाली. पुढे पुढे तर दुसऱ्या हातानंही सरळ होईना.

'मुका मार' हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात बघा. मुका म्हणजे ज्यातून रक्त येत नाही, ज्याचं हाड मोडत नाही, म्हणून ज्याची तक्रार कोणी ऐकत नाही तो मार! मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत बोट गेलं तर सारा गाव धावून येतो, गाडी काढून शहराच्या दवाखान्यात नेतो. मुक्या माराला गाडी कोण काढणार?

सांध्याचं काज

काही महिन्यांनी हाताच्या शस्त्रक्रियांचं खास शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टरांना दाखवण्याचा योग आला. त्यांनी कागदावर चित्र काढून जे समजावलं, ते प्रत्येकीला ठाऊक असावं असं वाटतं, म्हणून सांगते.

आपल्या बोटांत स्नायू नसतातच. बोटं हलवणारे स्नायू तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात. तिथून दोरीसारखे कंडरे निघून बोटांपर्यंत येतात, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखे. तळहाताच्या बाजूचे कंडरे बोट मिटतात, वरच्या बाजूचे बोट उघडतात. वरच्या बाजूचा कंडरा अगदी पातळ, पट्टीसारखा चपटा असतो. त्याचा मधला पदर मधल्या सांध्याच्या पुढे हाडाला चिकटतो आणि दोन बाजूचे पदर शेंड्यापर्यंत जातात.

बोट दुमडलेलं असताना त्यावर जोराचा भार आला की हा मधला पदर हाडावरून सुटू शकतो. लगेच फार काही दिसत नाही, कारण बाजूचे पदर काही दिवस सांधा सावरून धरतात. पण हळूहळू ते घसरून सांध्याच्या खालच्या अंगाला जातात. मग जे सांधा उघडणारे होते, तेच तो मिटायला लागतात! मधला सांधा या दोन पदरांच्या फटीतून वर येतो, अगदी शर्टाच्या काजातून बटण वर यावं तसा. म्हणून या व्यंगाला डॉक्टर 'बूटोनिएर' म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थच बटणाचं काज. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे एका वाक्यात कळेल.

एक्स-रेत फक्त हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. क्वचित त्याच्याबरोबर हाडाचा टवका निघाला तर तेवढा दिसतो. म्हणून फोटो चांगला आला म्हणजे बोट चांगलं आहे असं होत नाही. त्यासाठी बोट हातात घेऊन तपासावं लागतं. टेबलाच्या काठावर बोट मधल्या सांध्यात काटकोनात वाकवायचं, वरून दाबून धरायचं आणि पेशंटला ते सरळ करायला सांगायचं. पदर शाबूत असेल तर शेंडा सैल राहतो. तुटला असेल तर शेंडाच ताठ होतो. यंत्र नको, पैसा नको, मिनिटभराचं काम. मला हे ऐकताना काय वाटलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

आणि उपाय? वेळेवर कळलं तर बहुतेकवेळा शस्त्रक्रियेचीही गरज नसते. मधला सांधा साधारण सहा आठवडे पट्टीत सरळ ठेवायचा, शेंड्याचा सांधा मोकळा ठेवून तो वाकवत राहायचा. तेवढ्यात तो पदर पुन्हा हाडाला धरतो. माझे ते सहा आठवडे 'मुका मार' या दोन शब्दांत निघून गेले. उशिरा सुरू झालेल्या उपचारात दर आठवड्याला प्लास्टर बदलून बोट थोडं थोडं सरळ करणं, पट्ट्या, व्यायाम यांत चार महिने गेले. बोट पुष्कळ सुधारलं. पूर्ण सरळ झालं नाही. शस्त्रक्रियेचा विचार झाला, पण इतक्या उशिरा ती करताना बोट सरळ होईल आणि मिटायचं मात्र कमी होईल, असाही धोका असतो, हे डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. मी ती केली नाही.

भाकरी आणि नमस्कार

तुम्ही म्हणाल, एवढंसं बोट, तेही अनामिका. अंगठा नाही, तर्जनी नाही. काय अडतं?

पहिल्यांदा अडली भाकरी. आमच्या मराठवाड्यात ज्वारीची भाकरी आल्याशिवाय ताट पुरं होत नाही, आणि भाकरी थापायला हात पालथा, सपाट पडावा लागतो. वाकड्या बोटाचा पेर पिठात रुततो, तिथे भाकरी पातळ होते आणि तव्यावर टाकताना नेमकी तिथंच चिरते. वेळ अमावस्येला शेतात न्यायला ढीगभर भाकरी करायच्या असतात. त्या वर्षी माझ्या भाकरी जाऊबाईंनी थापल्या आणि मी बाजूला बसून भज्जीसाठी वाल सोलले. त्यांनी कौतुकानंच केलं, पण मला आपण पाहुणीसारखं बसलोय असं वाटत राहिलं.

मग कपडे पिळणं. आपल्याला वाटतं मुठीची ताकद अंगठ्यात आणि तर्जनीत असते. त्या दोघांचं काम बारीक पकडीचं, सुई धरणं, मीठ चिमटीत घेणं. घट्ट मूठ आवळायची ताकद असते ती अनामिका आणि करंगळीच्या बाजूला. हंडा उचलणं, चादर पिळणं, कणीक तिंबणं, बसच्या दांड्याला धरून उभं राहणं, ही सगळी कामं त्या 'बिनकामाच्या' दोन बोटांची.

आणि नमस्कार! दोन्ही हात जोडले की माझं एक बोट मधे येतं. तळवे एकमेकांना टेकत नाहीत. हे कोणाला दिसत नाही, मलाच दिसतं. सुरुवातीला लग्नकार्यात मी तो हात पदराखाली ठेवायचे. हळदी-कुंकवाला कोणी 'अगंबाई, हे काय झालं?' म्हटलं की 'जन्मापासूनच आहे' असं सांगून मोकळी व्हायचे, कारण टँकर, हंडा, दवाखाना ही सगळी गोष्ट उभ्या उभ्या कुठे सांगणार? आता लपवत नाही. कोणी विचारलं की तिचा हात हातात घेऊन काजाची गोष्टच सांगते.

खेळाडूंची बोटं, आपली बोटं

पुढे या विषयावर मिळेल ते वाचायचा नादच लागला. त्यात एक गंमत दिसली. बोटांच्या दुखापतींची इंग्रजी नावं बघा. शेंड्याचा कंडरा तुटून बोटाचं टोक खाली लोंबतं, त्याला 'मॅलेट फिंगर' किंवा 'बेसबॉल फिंगर' म्हणतात. उलट बाजूचा कंडरा तुटला तर 'जर्सी फिंगर', कारण रग्बी खेळताना समोरच्याचा शर्ट पकडताना तो तुटतो. बर्फावर घसरगुंडी खेळणाऱ्यांच्या अंगठ्याला 'स्कीअर्स थंब'. त्याच दुखण्याचं जुनं नाव 'गेमकीपर्स थंब'. स्कॉटलंडमध्ये मोठ्या जमीनदारांच्या रानाची राखण करणारे लोक सशांच्या माना मुरगळून मुरगळून अंगठा सैल करून घेत, ते कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरांनी १९५५ साली नोंदवलं.

म्हणजे चेंडू अडवताना मोडलेल्या बोटाला नाव आहे, सशांची मान मुरगळताना सैल झालेल्या अंगठ्याला नाव आहे. गादीखाली चादर खोचताना लोंबलेल्या बोटाला नाव नाही, जरी ती दुखापत तशीही होते हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे! नाही म्हणायला फरशी पुसणाऱ्या मोलकरणींच्या गुडघ्याला इंग्रजांनी 'हाउसमेड्स नी' हे नाव दिलं. पण आपल्या बोटांवर काही ती कृपा झाली नाही.

कायद्यानं मात्र बोटांचा हिशेब फार पूर्वी मांडला होता. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. कामावर अंगठा तुटला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट गेलं तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. ते कोरडे आकडे वाचून अंगावर काटा येतो, पण निदान कोणीतरी मानलं होतं, की बोट म्हणजे भाकरीचं साधन आहे. आता तुमच्या-माझ्या घरातल्या कामाला हा हिशेब लावा. कमाई किती? शून्य. शून्याचे सात टक्के किती? म्हणूनच बोट दुखतंय म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पगार कापला जात नाही, रजेचा अर्ज द्यावा लागत नाही, काम चालूच राहतं. बोटाला जी विश्रांती औषधापेक्षा जास्त लागते, ती मागायची कोणाकडे, हेच ठरलेलं नसतं.

नांदेडची आठ आठवड्यांची सुट्टी

बहिणीचं बोट गेलं ते असंच, दिवाळीच्या आवराआवरीत. कापसाची भरगच्च गादी, तिच्या खाली नवी चादर जोरात खोचताना मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी 'टुक' झालं. फारसं दुखलंही नाही. नंतर बघते तर बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबलेलं. उचलायला जावं तर उचलतच नाही. रात्री तिचा फोन आला. 'अक्का, बोटाचं टोक खाली पडलंय बघ, पण लई काही दुखत नाही. दिवाळी झाल्यावर दाखविते.'

मी म्हटलं, 'दिवाळी दरवर्षी येते. उद्या सकाळी जा.'

ती गेली. नांदेडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी बोट तपासलं, हाडाचा तुकडा निघालाय का हे पाहायला एक्स-रे काढला आणि शेंड्याच्या सांध्याला प्लास्टिकची छोटीशी टोपी बसवली. तिलाच स्प्लिंट म्हणतात. औषध म्हणाल तर तेवढंच. पण अट कडक. आठ आठवडे, दिवसरात्र, शेंडा एकदाही खाली पडता कामा नये. स्प्लिंट काढून बोट पुसायचं असेल तर आधी बोट टेबलावर सपाट टेकवायचं, तसंच टेकवलेलं असताना पुसायचं, पुन्हा घालायचं. एकदा जरी टोक लोंबलं तरी जुळत आलेला धागा तुटतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. बाकीचे सांधे मात्र हलवत राहायचे.

आता सांगा, दिवाळीच्या तोंडावर घरातल्या बाईचा उजवा हात आठ आठवडे ओला करायचा नाही, हे कोणत्या घरात जमतं? पहिल्या दिवशी जावई म्हणाले, 'भांड्यांना बाई लावू.' बाईनं दिवाळीनंतर येते म्हणून सांगितलं. तेव्हा पुढे सरसावल्या त्या तिच्या सासूबाई. वय सत्तरच्या पुढे, मूळच्या कंधार तालुक्यातल्या. त्यांनी फर्मान काढलं, 'पोरीचा हात पाण्यात जायचा नाही.' जावयांना भांडी, मोठ्या नातवाला कपडे मशीनमध्ये टाकणं-काढणं, धाकट्याला कणीक. फराळ त्या वर्षी दोनच पदार्थांचा झाला आणि कोणाचं काही बिघडलं नाही. जावयांना पहिले आठ दिवस भांड्यांचा राग आला, मग त्यांनी मोबाइलवर जुनी गाणी लावून भांडी घासायची सवय लावून घेतली.

आठ आठवड्यांनी स्प्लिंट निघालं. पुढे काही आठवडे फक्त रात्री. आज तिचं बोट सरळ आहे. सांध्यावर थोडी जाडी राहिलीय आणि थंडीत जरा आखडतं, एवढंच. गोष्ट साधी आहे. तिच्या बोटाला आठ आठवडे मिळाले.

एवढं ध्यानात असू द्या

मार लागल्याबरोबर पहिलं काम, त्या हातातल्या अंगठ्या काढणं. सूज चढली की अंगठी फासासारखी आवळते. निघत नसेल तर साबण लावा किंवा बोटाला पुढून मागे दोरा घट्ट गुंडाळून त्यावरून अंगठी सरकवा. तरीही निघाली नाही तर कापून घ्या. सोनं पुन्हा जोडता येतं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा, हात उंच ठेवा. चोळू नका आणि कोणाला बोट ओढू देऊ नका. सांधा निखळलाय, की हाड मोडलंय, की कंडरा तुटलाय हे ओढणाऱ्याला दिसत नसतं.

मग सूज थोडी उतरली की ओट्यावर हात पालथा ठेवून बघा. सगळी बोटं सपाट टेकतात का? दुसऱ्या हाताची मदत न घेता प्रत्येक सांधा स्वतःहून सरळ होतो का, स्वतःहून वाकतो का? हळूच मूठ मिटा. सगळ्या बोटांची टोकं अंगठ्याच्या बुंध्याकडे वळतात, की एखादं शेजारच्या बोटावर चढतं? यातलं काहीही वेगळं दिसलं, बोट बधिर वाटलं, किंवा सांध्यावर जखम असेल, तर दिवाळी, लग्न, परीक्षा कशाचीही वाट न बघता अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोग विभाग आहेत. खासगी दवाखाना परवडत नाही म्हणून घरी बसायचं कारण नाही.

तिथं गेल्यावर एक प्रश्न नक्की विचारा, 'हाड ठीक आहे, पण कंडरा आणि सांधा ठीक आहे का?' आणि दुसरा, 'कुठला सांधा बांधून ठेवायचा आणि कुठला हलवायचा?' कारण बोट अजिबात न बांधणं जसं वाईट, तसंच सगळा हात महिनाभर गुंडाळून ठेवणंही वाईट. बोटाचा मधला सांधा फार लवकर आखडतो. नुसत्या मुरगळीत पुष्कळदा दुखरं बोट शेजारच्या चांगल्या बोटाला पट्टीनं बांधतात, म्हणजे आधारही मिळतो आणि हालचालही राहते. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला जा, बोट बरं वाटलं तरी. माझ्यासारखं व्यंग नेमकं त्याच सुमारास डोकं वर काढतं.

आणि आधीच वाकडं झालं असेल तर? काही आठवडेच झाले असतील तर अजून उशीर झालेला नाही. लोंबलेलं टोक दोन-तीन महिन्यांनीसुद्धा स्प्लिंटनं सुधारल्याची उदाहरणं डॉक्टर सांगतात. जास्त दिवस झाले असतील तरी फिजिओथेरपीनं आखडलेपणा कमी होऊ शकतो. मार लागलेल्या सांध्याची सूज सहा महिने, कधी वर्षभरही रेंगाळते, तेव्हा लगेच आशा सोडू नका. थोडी जाडी कायमची राहते, तिला घाबरू नका. सोनाराकडून अंगठी मोठी करून घ्या. आणि हो, मार न लागता पन्नाशीनंतर शेंड्याच्या सांध्यांवर टणक गाठी येतात, ते वेगळं. तो सांध्यांच्या झिजेचा प्रकार, त्याला स्प्लिंटनं फरक पडेलच असं नाही. पण तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बहिणीच्या सासूबाईंचं राहिलंच. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी हुकासारखी वळलेली आहे. बहीण लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हापासून ती तशीच, म्हणून कोणी कधी विचारलं नव्हतं. स्प्लिंट काढायला दवाखान्यात निघाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, 'मी बी येते, माझंबी दाखवू.' डॉक्टरांनी करंगळी हातात घेऊन विचारलं, 'आजी, हे कसं झालं?' तेव्हा कळलं. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवर पाणी शेंदताना पोहऱ्याचा दोर करंगळीला वेढला गेला होता. सासूला सांगायची भीती, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोहरा होताच. पन्नासहून जास्त वर्षांनी तो सांधा आता जागीच धरून बसलाय, सरळ होण्यासारखा नाही. दुखत नाही, काम चालतं, तेव्हा छेडू नये, असं डॉक्टरांनी सांगितलं.

येताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, 'जाऊ दे माय. आज कुणी इचारलं तरी.'

तुमच्याही घरात असं एखादं बोट असेल. आईचं, सासूबाईंचं, भांड्यांना येणाऱ्या मावशींचं. एकदा विचारून बघा.